मुक्ताने कुठे खेळावे

सोमवार, ६ जानेवारी

प्रथम क्षमा मागते. कोणाची, ते नीटसे ठाऊक नाही. शाळेत खेळाच्या तासाला जी मुलगी पाय मुरगळल्याची सबब सांगून वाचनालयात जाऊन बसे, तिने बास्केटबॉलविषयी मत लिहायला घ्यावे, हा अगोचरपणाच आहे. पण टाळता येण्याजोगे नाही, म्हणून आधी इथे स्वतःशी बोलून घेते.

झाले असे. सामन्यांच्या नोंदी ठेवायला संघाने मला घेतले ते केवळ मी संख्याशास्त्र शिकते म्हणून. कागदोपत्री मी 'विश्लेषक'. आज प्रशिक्षक रफिक सरांनी बोलावले. नव्या खेळाडूशी करार करण्यापूर्वी व्यवस्थापनाला तीन मते लागतात: त्यांचे, सहायकांचे आणि विश्लेषकाचे. मुलगी शहराबाहेरच्या शेंद्र्याची, कारखान्यांच्या वस्तीतली, नाव मुक्ता, सध्या चाचणीवर. दोन प्रश्न आहेत. तिची योग्य जागा कोणती? आणि बचाव करणारी म्हणून ती पुढे किती मोठी होईल? मुदत वीस तारखेची.

मला खेळता येत नाही, असे मी सांगून पाहिले. सर म्हणाले, "खेलने को कौन बोला बेटा? देखने को बोला. देख, और लिख."

बुधवार, ८ जाने.

उस्मानपुऱ्यातल्या मैदानावर संघाचा सराव. मु. (पुढेही एवढेच लिहीन) विशीची, सडपातळ, आणि इतकी उंच की तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मुली बसलेल्या वाटाव्यात. उंचीमुळे सर्वांनी ठरवूनच टाकले आहे: सेंटर. म्हणजे बास्केटखाली ठाण मांडणारी, अंगावर धक्के घेणारी. जुनी सेंटर गुडघ्यामुळे थांबली. जागा तेवढी एकच रिकामी आहे. ती मिळाली तर मु.चा करार, न मिळाल्यास शेंद्र्याच्या कंपनीत पुन्हा खोकी भरणे. बुटाची नाडी बांधता बांधता तिनेच सांगितले, तक्रारीचा सूर न लावता.

संघातली प्रिया अंगाने भक्कम. तिने कमरेने रेटले की मु. फरशीवरून सरकत जाते.

सर : "खाती नहीं क्या तू?"

मु. : "खाते सर. जातंय कुटं काय म्हाईत."

सगळे हसले, तीही. मी मात्र लिहून ठेवते : बास्केटकडे पाठ करून उभी केली की ती मुलगी दुसरीच कोणी होते. तिचे डोळे बंद केल्यासारखे.

शनि. ११ जाने.

पाहुण्या संघाशी सराव सामना. आज नोंदीत माझ्याकडून गुण राहून गेले व बोलणी खावी लागली. कारण लिहायला लाज वाटते. मी पाहत राहिले होते.

चेंडू मैदानाच्या दुसऱ्या बाजूला असतो. समोरची मुलगी आपल्या बचावातून फट काढून बास्केटकडे झेपावते, आणि तिथे मु. आधीच उभी असते. धावत आलेली नव्हे, उभी. उडी नाही, आरडाओरडा नाही. अरुंद बोळात बैलगाडी आडवी दिसावी तशी ती समोरची थबकते आणि चेंडू परत देते. असे सामनाभर चालले. मी पुस्तकांतून या खेळाचे जे थोडे वाचले आहे, त्यात हे कसे शिकवावे ते कुठेही सापडलेले नाही.

तथापि. मु.च्या वाट्याला जी खेळाडू दिलेली असते ती तिच्या पाठीमागून निसटते आणि निवांत गुण करते. पुन्हा पुन्हा. मु. मान वळवूनही पाहत नाही. सहायकांचे मत ठरले : "लक्ष नसतं." सर तर संतापलेच.

जिला सर्वांचे कळते तिला आपल्या एकीचे का कळू नये?

सोम. १३ जाने.

धीर करून तेच तिला विचारले. म्हणाली, उद्या संक्रांतीला घरी या, तिळगूळ खाऊ, मग बोलू. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मुलींच्या उड्या मोजायला एम.एस्सी. करतेस होय?" पण डब्यात लाडू भरून दिले.

मंगळ. १४ जाने.

शेंद्रा. कंपन्यांच्या भिंती संपतात तिथून पुढे एका शेतात मु.च्या वडिलांनी मेंढरे बसवली आहेत. लेंडीखत होते म्हणून शेतकरी बोलावून नेतात. चार दिवस इथे, चार दिवस पलीकडे. पालापुढे बसून चहा घेत होतो. मी प्रश्न पुन्हा काढणार, तोच एक मेंढी कळपातून फुटून बांधाकडे पळाली. मी दचकून उठले. बाकी कोणी हलले नाही.

मु. उठली, पण त्या मेंढीकडे गेलीच नाही. काठी आडवी धरून कळपाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मागून निघण्याच्या बेतात असलेली सारी मेंढरे तिला पाहून वळली. थोड्या वेळाने बांधावरच्या मेंढीने मागे पाहिले आणि ओरडत, जणू आपल्यालाच टाकून दिले अशा थाटात, परत आली.

मी विचारले, तिच्या मागे का गेली नाहीस?

"फुटलेल्या मेंढराच्या मागं पळायचं नसतंय ताई. आपण गेलो की समदा कळप त्याच्या मागं. ते येतंय आपसूक. एकटं कुटं जातंय?"

तिचे वडील हसून म्हणाले, "ल्हानपणी पळायची. लई बोलणी खाल्ली तवा शिकली."

मी लाडूचा डबा हातात धरून तशीच उभी. माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, आणि ते दिल्याचे तिला ठाऊकही नव्हते.

परतताना रिक्षात सर्व मनात लावून पाहिले. तिचे लक्ष नसते, हे खोटे. ती फुटलेलीला सोडते आणि कळप राखते, जसे जन्मभर राखला. अडचण इतकीच, की बास्केटबॉलमध्ये फुटलेली परत येत नाही. दोन गुण करून येते.

गुरु. १६ जाने.

सरांना सांगितले. अर्धे बोलून, अर्धे कागदावर आकृती काढून. सेंटर नको. फॉरवर्ड करावी, म्हणजे बास्केटखाली न अडकता मोकळ्या जागेत खेळणारी; चेंडूच्या विरुद्ध बाजूला ठेवावी, दुसरीच्या मदतीला धावण्याचे कामच तिचे असावे. मागे पाहण्याची सवय लावता येईल. पुढचे ओळखण्याची दृष्टी मात्र कोणाला लावता येत नाही.

"ये तो मेंढियों का हिसाब हुआ, प्रोफेसर," म्हणाले. पण दुपारी तसेच उभे करून पाहिले. मु.ला ओरडून सांगत होते, "पीछे वाली मेंढी नहीं है, लांडगा समझ उसको!"

काय खेळली! जणू मैदानाला दार होते आणि ते तिने लावून घेतले. प्रिया दर वेळी जिथे घुसू पाहे तिथे ही. मागची आठवण तिला कधी राहिली, कधी नाही. नाही राहिली तेव्हा किंमत मोजावी लागली. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून एकटीच हसत होती. पहिल्यांदाच तिला तसे पाहिले.

नंतर सर हळूच म्हणाले : त्यांचे मत कालच व्यवस्थापनाकडे गेले. सेंटर. "वो लोगां को सेंटर होना, बेटा. मैं क्या करूं?"

शनि. १८ जाने.

मु.ने पाण्याच्या नळापाशी गाठले.

"ताई, सेंटरच लिवा. जागा सेंटरचीच हाये. एकदा घेतलं की बाकीचं मागून बघू."

तिच्या दंडावर धक्क्यांचे काळेनिळे वळ. माझी नजर तिकडे गेली तशी तिने बाही खाली ओढली. मी 'बघते' म्हणाले, आणि ते 'बघते' मला दिवसभर बोचले.

सहायकांचेही मत सेंटरच; माझे जुळले तर करार होईल. मग तिच्याहून दुप्पट वजनाच्या मुली तिला हंगामभर रेटतील आणि लोक म्हणतील, उंच आहे पण दम नाही. असे मला वाटते. ठाऊक आहे असे नाही म्हणवत. शिवाय हाही प्रश्न : मला तिचे कौतुक आहे, की मला लागलेल्या शोधाचे?

रवि. १९ जाने.

दोन मते लिहिली. 'सेंटर' असलेले सफाईदार उतरले. परीक्षकाला आवडेल असे. ते वाचले आणि त्यात मु. कुठेच दिसेना. दुसरे अडखळत लिहिले, त्यात ती दिसते.

आईला दोन्ही वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पेपरात तू खरं लिहिलंस आणि चुकलीस, तर मार्क तुझे जातात. इथं तिचे जातील. तेवढं ध्यानात ठेव."

बरोबर आहे तिचे. म्हणून आधी मु.ला विचारल्याशिवाय पाठवायचे नाही.

सोम. २० जाने.

सकाळी सराव सुटल्यावर तिला पायरीवर बसवून सबंध मत वाचून दाखवले. त्यातले मुख्य इथे उतरवते :

'सेंटर म्हणून घेतल्यास एका चांगल्या खेळाडूचा अपव्यय होईल. योग्य जागा फॉरवर्डची. एकीला धरून ठेवणे तिला अजून जमत नाही. पाठीमागची खेळाडू ती विसरते आणि त्यामुळे गुण जातात. पण पाचही जणींना एका नजरेत घेऊन धोका कुठे उपजेल हे आधी ओळखणारी खेळाडू मी या मैदानावर दुसरी पाहिलेली नाही. शिकवल्यास संघाचा सारा बचाव तिच्याभोवती उभा करता येईल.'

ती चेंडू मांडीवर घेऊन ऐकत होती.

"हे समदं माझ्याबद्दल हाये?"

हो, म्हटले.

"मी आसं खेळते व्हय?" तिने चेंडू मांडीवरच फिरवला. "आन् नाय घेतलं तर?"

मला माहीत नाही, म्हणाले. खोटा धीर देण्याइतके बोलणे मला कधीच आलेले नाही. हवे असेल तर दुसरे मत तयार आहे, तेही सांगितले. पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवले. तिने ते उचलले नाही. नजर मैदानाकडे. प्रिया एकटीच बास्केटखाली नेम धरत होती.

"पाठवा," ती म्हणाली. "पर त्ये मागं बघत नाय म्हणून लिवलंय ना, त्ये काढू नका. नायतर बाकीचं कुणाला खरं वाटायचं नाय."

एकही शब्द बदलला नाही. ती शेजारी बसलेली असतानाच फोनवरून व्यवस्थापनाला पाठवले : सोमवार, २० जानेवारी, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.