सुभद्राची गोळी आणि घरची जेवणं

१७ नोव्हें. ५९, मंगळ.
तिवश्याकडची सुभद्रा दाखल. सांधेवात. बोटं सुजून मूठ मिटत नव्हती, आमच्या दवाखान्यातल्या ॲस्पिरिनने मिटायला लागली होती. आज कापूस वेचताना भोवळ येऊन पडली. चेहरा पांढराफटक. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, संडास कशी होते? "बरी होते." शेजारी नवरा उभा, समोर डॉक्टर, बाई दुसरं काय सांगणार! ते गेल्यावर बेडपॅन दिलं. डांबरासारखी काळी. म्हणजे गोळ्यांनी पोटात रक्त. धावत जाऊन सांगितलं. गोळ्या बंद, नाडीवर लक्ष. माझी अकोल्याला आईकडे जायची रजा बोंबलली.

१८ बुध.
नाडी पळतेच आहे. थंड दूध, घोट घोट. काळी होते हे तिला दिवाळीपासून माहीत होतं, तरी गप्प! का, तर,
"सांगतलं असतं तं गोळी बंद केली असती तुमी. मंग पोरीची वेनी कोन घालते? येवढी मोठी झाली, आता कुठं माह्या हातानं घालून राहिली मी."
रागावणार होते. जमलं नाही.

१९ गुरु.
नवऱ्याला, नामदेवला, धरलं. भरल्या पोटी द्यायची म्हणून बजावलं होतं ना?
"तसंच देतो बाई. माह्या हातानं. एक दिवस चुकलो नाई."
खोटं बोलणारा वाटेना. खोदून विचारलं. ती विसरेल म्हणून बाटली त्याच्याजवळ. स्वतः जेवतो, हात धुतो, तिला पाणी न् गोळी देतो आणि वावरात जातो. ती मग सासूला वाढते, पोरांना, गड्याला. स्वतः सगळ्यांच्या मागून, उरलं तर. म्हणजे रोज गोळी रिकाम्या पोटी! चूल पेटली, भाकरी झाल्या, म्हणजे बायको जेवलीच असं त्याने धरलेलं. त्याला नीट समजावलं. बिचाऱ्याची दया आली, आणि चीडही.

२३ सोम.
आज संडास पिवळी! मॅट्रिकच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता मला. नाडी ठिकाणावर. पण बोटं परत आखडली, कप धरवेना, रडली. डॉ.सा. म्हणतात, पोट सावरलं की अर्ध्या मात्रेने सुरू करू. आधी जेवण, वर दूध. काळी झाली किंवा कानात गुणगुणलं की लगेच यायचं.
सासू भेटायला आलेली. तिलाही समजावलं.
"मानसाच्या पयले बाई जेवते, असं आमच्या घरात नाई झालं."
म्हटलं, मग आता होऊ द्या. ती सुनेच्या पायावरून हात फिरवत बसली.

२८ शनि.
अर्धी मात्रा सोसली. सुभद्रा घरी. मी दुपारच्या गाडीने अकोल्याला. बडनेऱ्याला गाडी बदलली तेवढीच जागी. बाकी आई दिसेपर्यंत झोप.

१२ डिसें., शनि.
तपासणीचा दिवस. नामदेव एकटाच आला. ती कुठाय? घरी, बरी आहे, पाहुणे आलेत. हुश्श. रंग?
"मीच पाह्यतो रोज. तिले लाज वाटते, ते नाई सांगत. चांगला हाय."
रांगेतले सगळे हसले. तो नाही हसला. मीही नाही.
आणि जेवण?
"मायसमोर नाई जेवत ते. मी मायले आंगनात गोष्टीत गुतवतो, तवा सगळ्याच्या पयले चुलीपाशी खाते. अर्धी भाकर."
अर्धी म्हणजे पोटभर नव्हे, असं ठणकावलं. मान हलवली. डॉ.सा.नी गोळ्या वाढवल्या नाहीत, तेवढ्याच दिल्या. पुढच्या खेपेला तिला आण म्हटलं, मायलाही.
तशी काळजी आहेच. पण सासू अंगणात, आणि ही चुलीपाशी सगळ्यांच्या आधी जेवतेय.