डिंकाखालचे नाव

जळगाव, भाऊबीज

प्रिय श्रेयांस,

आपल्या बाबूजींच्या पुस्तकात तू कागद चिकटवलास, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. आज ओवाळायला धुळ्याला येत नाही, हेही यातच समज. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस.

तू छापणार होतास त्या नव्या आवृत्तीसाठी नेलेले पुस्तक सहा महिन्यांनी परत पाठवलेस. डाव्या पानावर जैन आगमातला जीवविचार, उजव्या पानावर जीवशास्त्र. मी बी.एस्सी.ला गेले त्या वर्षी बाबूजींनी ते आणले. दिवस मावळायच्या आत जेवणे उरकली की आम्ही वाचत असू. डावे पान त्यांचे, उजवे माझे. एकदा त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले, तर चपला दाराबाहेर काढून आत आले. सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याच विहिरीचा थेंब होता. त्यात जीव हलताना त्यांनी पाहिले.

पाणी गाळले की फडक्यातले जीव ज्या विहिरीचे, तिच्यातच परत सोडायचे, हा आपल्या घरचा नेम. पुढे नळ आला. मी विचारले, आता यांना परत कुठे सोडायचे? बाबूजींनी समासात पेन्सिलीने लिहिले, ‘चेलनाने विचारले. मला ठाऊक नाही.’

त्या ओळीवर तुझा कागद. पान फाडले तर ज्ञानाची आशातना, म्हणजे अवमान, होते, म्हणून डिंक लावलास. नव्या आवृत्तीत तिथे विज्ञानाने सारे सिद्ध केल्याचे तुझे वाक्य आहे. वर मला म्हणालास, जीजी, धर्माच्या पुस्तकात शंका बरी दिसत नाही. दोन्ही पाने वाचलेला माणूसच ‘मला ठाऊक नाही’ असे लिहू शकतो, श्रेयांस. तू एकही वाचले नाहीस.

ओल्या कापसाने कागद सोडवला. ‘मला ठाऊक नाही’ राहिले. माझे नाव डिंकाबरोबर निघून आले. दुकानाच्या पाटीवर तुझे नाव आहे, साधू उतरतात त्या उपाश्रयात देणगीच्या फरशीवरही आहे. माझे बाबूजींनी लिहिले ते तेवढ्या एका जागी.

मला न्यायला आज प्रियलला पाठवलेस आणि पुस्तकही आणायला सांगितलेस. तीन दिवसांनी ज्ञानपंचमीला, ग्रंथपूजेच्या दिवशी, ते मंदिरातल्या काचपेटीत बंद व्हायचे आहे. तुझी ही मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ते पान पाहून तिने विचारले, आत्या, मग पुढे उत्तर सापडले का? चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. पुस्तक मी तिला दिले. तिने मागितले नाही. पेटी रिकामी राहील. चारचौघांत विचारतील तेव्हा माझे नाव सांग, पण तिला एक शब्द बोलू नकोस. त्यासाठीच हे लिहिले.

तुझीच मोठी बहीण,
चेलना

प्रियलच्या हाती दिले: पुस्तक एक, तिचे. सोडवलेला कागद एक, पाकिटात, तुझा.