एक कपडा पुढे असलेली बाई

रामधननाईक तांडा,
ता. राळेगाव
९ मार्च २००८

प्रिय निलोफर,

गेल्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी तू मला पाहिलंस आणि मान फिरवलीस. मीही फिरवली. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या दोन बाया, आणि कांदे निवडण्याचं नाटक करत एकमेकींकडे पाठ करून उभ्या. मला आधी हसू आलं, मग तुझा राग आला. हो, तुझाच. का आला ते लिहीनच, पण आधी माझा थाट ऐक.

मी आता मॅडम आहे. शिवणवर्गाची मॅडम. तांड्यातल्या आणि खालच्या गावातल्या मिळून अकरा बाया मला 'मॅडम' म्हणतात, आणि भगवानराव तर 'आमच्या जमनीताई' म्हणताना असे फुलतात की जणू मला त्यांनीच पेरलं आणि खुरपलं. भगवानराव म्हणजे हा वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे संयोजक. खिशाला दोन पेन, त्यातलं एक चालणारं. तुला ते आठवत असतील. आठवतच असतील.

कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाल्यापासून आपल्याकडे पांढऱ्या गाड्या किती आल्या, तू राळेगावात बसून मोजल्याही नसशील. प्रत्येकाला आमचं दुःख बघायचं असायचं आणि चारच्या आत यवतमाळला जेवायला पोचायचं असायचं. त्यातल्या कोण्या शहाण्याला सुचलं, की कापूस पिकवून यांचं भागत नाही तर बायांनी कापड शिवावं. बारा मशिनी आल्या. हार घातले, नारळ फोडला, फोटो काढले, आणि तीन महिने त्यांच्यावर पोती टाकून ठेवली. शिकवायला माणूस लागतं हे नारळ फोडताना कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी आले. मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा हेही मला येत नव्हतं, निलोफर. भगवानरावांनी वर्षाचा छापील अभ्यासक्रम हातात दिला. पहिला महिना, शिलाई मशीनचा इतिहास. दुसरा, रंगसंगती. तिसरा, यशस्वी उद्योजिकेचे गुण. या हिशेबानं बाया वर्षअखेरीस रुमालाला दुमड घालायला शिकल्या असत्या. तो कागद मी चुलीत घातला. पहिल्या दिवशी अकरा जणी माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या, आणि दोरा काही सुईत जाईना. मी म्हटलं, पहिला आठवडा दोऱ्याशिवाय. वहीच्या कागदावर रेघा मारा आणि त्या रेघेवरून कोरी सुई चालवा. बायांना ते एवढं पटलं की विचारू नकोस. भगवानरावांनी अहवालात लिहिलं, 'प्रशिक्षिकेची अभिनव पद्धत'. नंतर मला आठवलं, टेलरिंगच्या दुकानात बशीरचाचा नव्या कारागिराला असंच कागदावर बसवायचे. म्हणजे माझं अज्ञानसुद्धा तुमच्याच दुकानातून उचललेलं निघालं.

त्या आठवड्यात मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझा आराखडा केला. दर महिन्याला एक कपडा. आधी घरी मी शिकायचा, तो हातात बसला की वर्गात शिकवायचा. मी फक्त एक कपडा पुढे राहायचं, एवढीच माझी विद्या. चैत्रात उशीचे अभ्रे, मग परकर, मग झबलं, पोरांच्या चड्ड्या. पावसाळ्यात सलवार-कमीज, दिवाळीपर्यंत ब्लाउज, आणि शेवटी मर्दानी शर्ट, कॉलरसकट. एका मशीनला पट्टा नव्हता, ती आमच्या घरधन्यानं, नेमसिंगनं, घरी आणून दिली आणि कुठूनसा पट्टा मिळवून बसवली. सकाळी स्वयंपाक आटोपला की मी त्या मशीनवर, आणि दुपारी वर्गात जाऊन जन्मजात शिंपीण असल्यासारखी बोटं नाचवायची.

शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून मी कपडे उसवून शिकले. आधी नेमसिंगची पँट उसवली. भाग सगळे नीट सुटे केले, खडूनं खुणा केल्या, आणि जोडायला बसले तर एक पाय आला पुढून आणि दुसरा मागून. तो लुंगीवर शेतात गेला. परत येऊन म्हणाला, "वर्गातल्या बायांच्या नवऱ्यांनी बिचाऱ्यांनी तुझं काय बिघडवलं?" हसला मात्र. तेव्हा हसण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं, कापूस लाल्या रोगानं गेला होता आणि सोयाबीन पावसानं. माझं मानधन तेवढं येत होतं.

परकर जमले. झबल्यांना गळे लहान झाले, अर्धी पोरं गळ्यातच अडकली. मी सांगितलं, धुतल्यावर सैल होतं. बाया भोळ्या नाहीत ग, पण मॅडम बोलते म्हटल्यावर माणूस स्वतःच्या डोळ्यावर कमी विश्वास ठेवतो. फसली नाही ती एकच, देवीलालची आई, सगळ्या तांड्याची याडी. सत्तरीची म्हातारी, दाराशी बसून कांचळीच्या चोळीवर आरसे टाकत असते. एवढा बारीक टाका की मशीननं लाजावं. तिला आमच्या संस्थेनं 'अकुशल' या रकान्यात घातलंय. एक दिवस माझ्या हाताकडे बघत बघत ती म्हणाली, "जमनी, तू शिकवून राह्यली का शिकून राह्यली?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मंग आधी शिकून घे. ह्या पोरी कायले खराब करते?" मी तिथून उठून गेले. नाहीतर रडले असते.

ब्लाउजपाशी मात्र मी पुरती अडकले. बाही मुंढ्यात बसेना. एका बाजूला चुण्या, दुसऱ्या बाजूला ताण. आठ दिवस तेच कापड शिवलं, उसवलं, शेवटी त्याची चाळणी झाली. मग ट्रंकेतून माझ्या लग्नाचा ब्लाउज काढला. तू शिवलेला. पात्यानं एकेक टाका कापत उसवला. तुझा टाका उसवणं सोपं नाही, निलोफर, पाऊण दिवस गेला. आणि आत बघितलं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडलेली. लग्नाच्या वेळी मी काडी होते, पुढे अंग भरेल, बाळंतपणं होतील, तेव्हा सैल करता यावा म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं केलेला तो विचार. मी त्या दोन बोटांकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. त्या दिवशी मी वर्ग घेतला नाही. ताप आहे म्हणून निरोप पाठवला.

आता तो फ्रॉक. एवढी पानं मी त्याच्याभोवती फिरतेय, हे तुला केव्हाच कळलं असेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वर्गाच्या शिक्षिकेच्या मुलाखतीला येताना प्रत्येकीनं हातचा एक नमुना आणायचा होता. माझ्याजवळ नमुना कुठला? तुझ्या दारात आले आणि म्हटलं, नुसता हातात धरायला काहीतरी दे, माझा नंबर तर लागणार नाहीच, पण रिकाम्या हातानं उभं राहायची लाज वाटते. तूही मुलाखतीला येणार होतीस, नमुन्याला शर्ट घेऊन. गझालासाठी शिवलेला नवा पिवळा फ्रॉक, छातीवर बारीक चुण्यांचा, तू घडी करून माझ्या हातात दिलास. पोरीनं तो अजून अंगात घातलाही नव्हता. आत साहेबांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि विचारलं, "हा तुम्ही शिवला?" मी म्हटलं, "हो." दार उघडं होतं. तू उंबऱ्याशी उभी होतीस, तुझ्या शर्टाची पिशवी छातीशी धरून. तुला ऐकू गेलं, हे मी तुझ्या तोंडावर पाहिलं. भगवानराव बाहेर आले आणि बाकीच्यांना म्हणाले, जागा भरली. तुझा शर्ट कोणी उघडूनही बघितला नाही.

मला तुझा राग येतो तो इथे. तू बोलली काहून नाहीस? एक शब्द. 'साहेब, हा माझा फ्रॉक आहे.' मी तिथंच मेले असते आणि सुटले असते. तू मला वाचवलंस, आणि मग वर्षभर मान फिरवून त्याची शिक्षा दिलीस. असं मी मनाशी कितीदा घोळवलं. तुझ्यावर चिडलं की माझं मला सोपं जायचं. तुमच्या दुकानात आता नवं कापड येत नाही, फाटक्या पँटीच येतात, आणि त्या जागेची तुला माझ्याहून जास्त गरज होती, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. माहीत असूनच मी हो म्हटलं. यात भगवानरावांचा काडीचा दोष नाही. तेवढे तरी ते हुशार कुठले.

फ्रॉक संस्थेच्या कार्यालयात काचेच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी, 'जमनी नेमसिंग राठोड यांची कलाकृती'. परत मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता गझालाला तो येणारही नाही. तिच्यासाठी दुसरा शिवावा असं मनात आलं होतं. पण माझ्या हातचा फ्रॉक तुझ्या मुलीच्या अंगावर? तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

परवा भगवानराव पुढच्या वर्षाचा फॉर्म घेऊन आले. मी सही केली नाही. सांगितलं, तो फ्रॉक माझा नव्हता, राळेगावच्या बशीर टेलरच्या निलोफरचा होता. वाटलं होतं संतापतील. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो? पेपरात तुमचा फोटो तर छापून आला ना." ज्या खोटेपणापायी मी वर्षभर जळले, त्याची किंमत त्यांच्या लेखी एवढीच. मी फॉर्म कोरा परत केला.  काल नेमसिंग म्हणाला, "खोटं बोलून भेटलं, खरं बोलून घालवलं. आता खायचं काय?" त्याचं चुकत नाही. 

हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायला मी तुझ्या दारात येईन, तिथं तू हाकलून देऊ शकतेस. पत्राचं कारण वेगळं आहे. जागा पुन्हा भरायची आहे. एकोणीस तारखेला, होळीच्या आधीच्या बुधवारी, सकाळी अकराला मुलाखत. सूचना कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर अशी चिकटवली आहे की ती पालीशिवाय कोणी वाचू नये. भगवानरावांची मेहुणी तयारीत आहे, तिला टाचणी आणि सुई वेगळी असते एवढं कळतं. तू ये. मी दारात उभी राहीन आणि साहेबांना त्यांच्या तोंडावर सांगेन की मागच्या वर्षी तुम्ही कोणाचं काम बघून कोणाला नेमलंत. त्यांनी ऐकलं नाही तर माझ्या अकरा जणींसमोर सांगेन, त्यांनाही मी बोलावलंय. तुझी निवड झाली तर वर्गाला शिकायला बारावी बाई मिळेल, मी. शर्टाची कॉलर मला अजून येत नाही, दरवेळी एक टोक मान टाकतं. मला शेवटच्या मशीनवर बसव, आणि चुकले की सगळ्यांदेखत बोल. या वेळी गप्प राहू नकोस.

तुझीच, तू ठेवलीस तर,
जमनी