डावं बटण

प्रिय ठमे,

कागद सरकू नये म्हणून त्यावर वाटी पालथी ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं आहे. फोनवरच सांगणार होतो, पण तू ‘झाला का शंकासुर सुरू?’ म्हणालीस की पुढचं सगळं मी विसरतो.

रविवारी तू तुझं काम समजावलंस ते मी घोकून ठेवलं आहे. माणूस आपल्याला कळेल अशा भाषेत प्रोग्राम लिहितो. यंत्राला ती कळत नाही, म्हणून तुमचा कंपायलर ती यंत्राच्या भाषेत उतरवतो. पण शब्दाला शब्द नाही. आधी सगळं वाचतो. एकच आकडेमोड दर फेरीला होत असेल तर ती बाहेर काढून एकदाच करतो. ज्याचं उत्तर पुढे कुणीच वापरत नाही, ते गाळून टाकतो. मी म्हटलं, तुझी आई माझं बोलणं असंच ऐकायची. तू हसलीस, बरं वाटलं.

मग तू सहज बोलून गेलीस, की एका कापायच्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये दहा हजारांपर्यंत नुसतंच मोजायला सांगितलं होतं. मोजून करायचं काहीच नाही. तुझ्या नव्या कंपायलरने ते गाळलं आणि यंत्र झपाझप चालायला लागलं. साहेब खूश. शुक्रवारी ते कारखान्यात जाणार. शेजारच्या मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, शिकल्यासवरल्या पोरीला तुम्ही काय शिकवणार? तेही खरंच. पण ठमे, मोजून होईपर्यंत यंत्र थांबत तर होतं ना? ज्याने ते मोजणं लिहिलं तो काय वेडा होता?

छापखान्यात माझ्या कागद कापायच्या यंत्राला दोन बटणं होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली यायचं. डावं बटण स्वतः काहीच करत नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच हेरलं. एक दिवस ते सुतळीने दाबून बांधलं. डावा हात गठ्ठा सारखा करायला मोकळा झाला, काम दीडपट व्हायला लागलं. फोरमनने पाठ थोपटली. अकरा दिवस मी फार हुशार होतो.

माझी दोन बोटं दारात चेमटली, असं तुला लहानपणापासून सांगत आलो. दार नव्हतं गं. त्या बटणाचं काम एकच होतं, माझा हात पात्याखाली जाऊ न देणं. हात गेला नव्हता तोवर ते काम कुणाला दिसत नव्हतं. आईला ठाऊक होतं, तिला मीच गप्प बसवलं. पोरीने बापाला मूर्ख समजू नये, एवढ्यासाठी.

रविवारी तू म्हणालीस, ‘बाबा, ज्या ओळीला हात लावायचा नाही तिथे लिहिणाऱ्याने तशी खूण करायची असते. त्याने केली नाही.’ नसेल केली. तुझा कंपायलर नियमाने बरोबरच असेल. माझ्या डाव्या बटणावरही काही लिहिलेलं नव्हतं. शुक्रवारच्या आत त्या माणसाला शोध आणि एवढंच विचार, की तू कशासाठी थांबत होतास. तो ‘उगीच’ म्हणाला, तर मला खुशाल हस. मी फोनपाशीच बसून आहे.

तुझाच,
आठ बोटांचा शंकासुर