सुनेची पट्टी

४ मार्च
पोहोचलो एकदाचा! थोरल्यांनी स्वतः येऊन माझी पेटी उचलली. खोली छान उजेडाची, खिडकीतून अख्खा उतार दिसतो. मोजणीदाराला काम सोपं आहे. थोरले आणि धाकटे या भावांमधली हद्द आखायची, नकाशा करायचा. इथे जमिनीच्या तुकड्यांना नावं आहेत: मुक्याचं वावर, जावयाचा कोपरा, सुनेची पट्टी. मजा वाटली. थोरल्यांची बायको, म्हणजे काकू, फार मायाळू. बायकोलाही बोलावून घ्या म्हणाल्या.

८ मार्च
कालपर्यंत एकमेकांची डोकी फोडणाऱ्या भावांनी माझी रेषा मुकाट्याने मान्य केली. सुनेच्या पट्टीला ते नाव कसं पडलं, विचारलं. धाकटे सहज म्हणाले, आजोबांच्या वेळी भांडण मिटेना, म्हणून सुनेला हद्दीवर जिवंत पुरलं. तिथला बांध पुन्हा कुणी कोरला नाही. नव्या माणसाला घाबरवायची हौस, दुसरं काय!

११ मार्च
ही आली. सातवा महिना, प्रवासाने दमलीय. काकूंनी तिला दारातच कुशीत घेतलं. थोरल्यांनी विचारलं, वहिनींचं इथे नात्याचं कुणी? नाही म्हणालो. बरं झालं म्हणाले.

१३ मार्च
नव्या हद्दीलगतच्या तुकड्याला नाव हवं. काकू म्हणाल्या, "लिहा की, मोजणीदारणीची पट्टी." ही लाजली. मी लेखणी खाली ठेवली. उद्याच निघू म्हटलं तर हिने मलाच वेड्यात काढलं. आत्ता काकूंबरोबर उतारावर फिरायला गेलीय.

संध्याकाळ
काकू एकट्याच परतल्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. म्हणाल्या, सुखरूप आहे, आता कुठे जायची नाही.
धावत गेलो. हद्दीवर नवा दगड. माती चोपलेली. नखांनी उकरत होतो — खालून हाक — तिचीच — धाकट्यांनी मला केस धरून ओढलं —

१४ मार्च
दाराला बाहेरून कडी. खिडकीतून दगड दिसतो. दोघे भाऊ त्याला टेकून एका किटलीतला चहा पिताहेत. हसताहेत.

दुपार
काकू दाराबाहेरून बोलल्या. आवाज तसाच मायाळू. सकाळपर्यंत हाका मारत होती, आता निजली म्हणाल्या. मी ओरडलो, मग मला का कोंडलंय? तर म्हणाल्या, अहो, तुम्हीच आखलीत ना रेषा, तिला दुसरं टोकही नको का —

कडी काढताहेत. धाकट्यांच्या हातात फावडं. काकू म्हणताहेत, चपला राहू द्या, तिथली माती मऊ