नूराचं मलम

सीब, ओमान, गुरुवार, १२ डिसेंबर

आज अर्बाबना, म्हणजे मालकांना, चक्क नाही म्हणालो. मी त्यांचा ड्रायव्हर. कुठून आली हिंमत?

त्यांची म्हातारी मांजर नूरा दोन दिवस नीट खात नव्हती. डॉक्टरांनी भूक लागायचं मलम दिलं. हातमोजे घालून, दिवसातून एकदाच, कानाच्या पाळीला आतल्या बाजूने लावायचं, तिथून ते अंगात भिनतं. सकाळी मीच लावलं. दुपारी अर्बाब म्हणाले, "अजून खात नाही. पुन्हा लाव, यल्ला, चल लवकर."

"नाही अर्बाब. एकदाच सांगितलंय. आधी डॉक्टरांना विचारू."

त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, खलास, आता गावी परत. पण त्यांनी डॉक्टरांनाच फोन लावून माझ्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. आज पुन्हा लावू नका. मासा कोमट करून द्या. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या."

मगरीबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधी नूराने मासा चाटला, मग खाल्ला. अर्बाब शेजारी जमिनीवर बसले होते. बेगम गेल्यापासून घरात त्यांना नूराचीच सोबत. डोळे पुसत म्हणाले, "सुरेश, औषधाच्या बाबतीत उद्याही माझं ऐकू नकोस."

दहा वर्षांच्या नोकरीत एवढा मान कुणी दिला नव्हता.