पित्त घातल्यावर

सोमवार, ४ मार्च

चिकटले! धुतलं, परत धुतलं — मेले जंतू पेशींवरून हलायला तयार नाहीत.

असं व्हायलाच नको होतं. जुलाबाच्या या जंतूच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याच्या जोरावर तो आतड्याच्या पेशींना धरून बसतो. धरता आलं नाही तर वाहून जातो, माणूस वाचतो. आम्ही ते प्रथिनच काढून टाकलंय. हा लुळा केलेला जंतू लस म्हणून पाजायचा — वन्संची उभी हयात यात गेली. साध्या पोषक द्रवात वाढवला की खरंच चिकटत नाही. आज मी त्यात पित्ताचे क्षार घातले. आतड्यात पित्त असतंच की! तर पठ्ठ्याने धरायला दुसरंच काहीतरी बाहेर काढलं असणार.

मंगळवार, ५ मार्च

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

गुरुवार, ७ मार्च

वन्संना सांगितलं. घरी वन्सं, लॅबमध्ये मॅडम. नवऱ्याची थोरली बहीण साहेब असली की दोन्हीकडे ऐकूनच घ्यायचं! सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पित्त घालायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सुचलं."

"पुढच्या आठवड्यात माणसांना पाजायचंय, आणि तुला आज सुचतंय!"

सगळ्यांसमोर. खाली मान घालून काचेच्या बश्या धूत बसले. पाणी गार की गरम, तेही कळलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

माझं कार्ड लॅबच्या दाराला चालेना. पहारेकरी ओशाळून म्हणाला, "मॅडमनी बंद करायला सांगितलंय, बाई." मी काय चोर आहे? माझा डबा, माझा चष्मा, सगळं आत. काचेतून माझी खुर्ची दिसत होती.

नवरा म्हणतो, "ताईने काहीतरी विचार करूनच केलं असेल." असेल! बहिणीचं नाव निघालं की याची अक्कल गहाण पडते. सासूबाई वेगळ्याच — "घरातलं भांडण चव्हाट्यावर नको गं." म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. रक्त मात्र माझंच!

रविवार, १० मार्च

दर रविवारी जेवायला येणाऱ्या वन्सं आज आल्या नाहीत. काम आहे म्हणे, आठवडाभर येणार नाहीत. सासूबाई हळहळल्या — "किती राबते बिचारी!" माझ्या ताटातलं तसंच राहिलं, त्याबद्दल कोणी हळहळलं नाही.

न राहवून बोललेच. "ज्यांना पाजणार, त्यांच्या पोटात पित्त नसतं का?" धडधाकट माणसं आहेत ती. एक पाव भाजणारा, एक पोहायला शिकवणारी. आपलं काहीतरी उपयोगी पडेल म्हणून आपणहून आलेली.

"जेवताना तरी!" नवरा ओरडला.

बरं. जेवणं झाल्यावर मग जुलाब.

मंगळवार, १२ मार्च

ठरलं. उद्या चाचणीच्या समितीच्या अध्यक्षांकडे जायचं, तोंडावर सांगायचं. नवऱ्याला सांगून टाकलं. "ताईचं नाव मातीत घालशील," म्हणाला. घालते! तिच्या नावापायी कोणाचा जीव जायला नको. "मग या घरात कशी राहशील?" मी अध्यक्षांचा पत्ता कागदावर उतरवून घेतला. दोघं पाठ करून बसलो, जसे काही भाडेकरू.

वन्सं, तुमचा जन्म यात गेला, कबूल. पण म्हणून दुसऱ्यांनी भोगायचं?

बुधवार, १३ मार्च

अध्यक्षांकडे पोचलेच नाही. वाटेत दवाखान्यातून फोन आला. वन्सं सलाईनवर. जुलाबांनी मूत्रपिंडं थकलीत. तिथली डॉक्टर म्हणाली, "दुसऱ्यांना द्यायच्या आधी ती लस स्वतः प्यायल्या. शुक्रवारीच. चाचणी त्यांनीच रद्द करायला लावली. कोणाला कळवायचं नाही, म्हणत होत्या." म्हणजे माझं कार्ड बंद केलं, ते मी आडवी येऊ नये म्हणून!

मला पाहून ओठ हलले. "तुझं खरं निघालं गं."

हात हातात घेतला. गारठलेला. रडले. आणि तरी मनात तेच जळत होतं — एवढं करण्यापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर!